अकरा रकान्यांचा तक्ता

हौसाबाईंनी छातीवर हात ठेवला, पण उजव्या बाजूला.

"हितं दुखतंय," त्या म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हात हळूच सरकवत डावीकडे नेला. "आन् हितं बी."

मी तिथेच ओळखलं. हीच ती. खोटी पेशंट.

हे सगळं नीट कळायला थोडं मागचं सांगायला हवं. सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, अपघात विभागात, मी कंत्राटी नर्स होते. त्याच्या दोन महिने आधी एक माणूस भर दुपारी खांदा दुखतो म्हणून आला होता. आमच्यातल्या कुणीतरी जेवणाचा डबा बंद न करताच त्याला "उद्या सकाळी केसपेपर काढून या" असं सांगून वाटेला लावलं. तो एसटी स्टँडपर्यंत चालत गेला आणि तिथे कोसळला. खांदा नव्हे, हृदय होतं. नशिबाने वाचला, आणि वाचल्यावर त्याने आमची कीर्ती तालुकाभर नेली.

मग मुजावर सर अधीक्षक म्हणून आले. आल्याबरोबर त्यांनी भिंतीवर आदेश लावला: दारातून आत आलेला एकही माणूस तपासल्याशिवाय परत जाता कामा नये, आणि त्याच्या प्रत्येक प्रश्नाला हसतमुखाने उत्तर द्यावे. सोबत छापील तक्ता दिला. त्याला अकरा रकाने. नाव, वय, उंची, वजन, ताप, नाडी, रक्तदाब, तक्रार, व्यसन, घराण्यातले आजार आणि शेवटी शेरा. अपघातात हात मोडून आलेल्या माणसाची उंची कशाला हवी, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

आदेश चांगलाच होता. पण तो आमच्या दगडूमामांच्या हाती पडला. मामा म्हणजे दारावरचे शिपाई, अक्षराला अक्षर मानणारा माणूस. "एकबी मानूस" म्हणजे एकही माणूस. चहा घेऊन येणाऱ्या सदूचा रक्तदाब आम्ही दिवसातून चार वेळा मोजू लागलो. पोस्टमनने दोन दिवस नाडी दाखवली आणि तिसऱ्या दिवसापासून तो टपाल खिडकीतून फेकू लागला. एकदा एक बोकड आत शिरला, तर मामांनी त्याला दोरीने धरून ठेवून मला विचारलं, सिस्टर, ह्याचं कसं करायचं. मी म्हटलं, मामा, आदेशात माणूस लिहिलंय.

इथवर हसण्यावारी होतं. पण त्या आठवड्यात सरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की जिल्ह्याहून एक खोटा पेशंट येणार आहे. तो बाई असेल की बुवा, सांगता येत नाही. त्याला जो परत पाठवेल किंवा त्याच्यावर डाफरेल, त्याचं नाव सोमवारच्या यादीत नसेल. सोमवारची यादी म्हणजे कंत्राट वाढवलेल्यांची यादी. माझं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं.

आणि माझं सगळं त्या यादीला टांगलेलं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, स्टँडजवळ टेलरिंगचं दुकान चालवत. तोवर मला अकरा मुलं बघून गेली होती. मुलगी पसंत, पण नोकरी सोडावी लागेल, हे अकराच्या अकरा जणांचं म्हणणं. रात्रपाळी असते ना. अण्णा दर वेळी "सोडंल की" म्हणत आणि मी दर वेळी पाहुणे गेल्यावर "नाही सोडणार" म्हणे. शेवटी अण्णांनी निवाडा केला. कंत्राट वाढलं तर तू म्हणशील तसं. नाही वाढलं, तर बारावा जो येईल त्याला मुकाट्याने हो म्हणायचं. बारावा रविवारी येणार होता. त्याचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं.

तर त्या गुरुवारी सकाळी हौसाबाई माझ्यासमोर उभ्या. नवं कोरं लुगडं, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, आणि छातीतलं दुखणं उजवी-डावीकडे हिंडणारं. खरंच दुखत असलं की माणूस छताकडे बघतं, नाहीतर जमिनीकडे. ह्या बाई माझ्या नखांकडे बघत होत्या. मग त्यांनी टेबलावरून बोट फिरवलं, बोटाला धूळ लागली का ते बघितलं आणि मान हलवली. जिल्ह्याहून आलेलं माणूस आणखी कसं असतं?

मी जन्मात कुणाची केली नसेल एवढी त्यांची बडदास्त ठेवली. "या आजी, बसा आजी." त्यांना 'आजी' आवडलं नाही, म्हणून 'मावशी'. छातीत दुखतंय म्हटल्यावर नियमाप्रमाणे आडवं करायचं आणि ईसीजी काढायचा. त्यांचा चेहरा पडला. "एवढं काय दुखत न्हाई," त्या म्हणाल्या. पण आता सुटका नव्हती. दगडूमामा दारात आडवे उभे होते. छातीला गार मलम लागलं तेव्हा बाईंनी असा श्वास ओढला की कागदावरची रेघ डोंगर चढून गेली. मला तो कागद फाडून दुसरा काढावा लागला.

ईसीजीची पहिली पट्टी ठीक होती. पण तासाभराने दुसरी काढायची, तोवर पडून राहायचं, असा नियम. मग पडल्या पडल्या त्यांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली.

घरी कोण कोण? भावंडं किती? भाकरी येते का, आणि थापून की लाटून? पुरण शिजवताना डाळ किती पाण्यात घालतेस? सासूने चार शब्द सुनावले तर उलटून बोलशील का? मी मनातल्या मनात जिल्ह्याच्या लोकांना दाद दिली. नर्स चिडते की नाही हे बघायला काय एकेक प्रश्न काढलेत. मी हसतमुखाने एकेकाचं उत्तर दिलं. पुरणाचं तर दोनदा सांगितलं.

मग त्या उठून बसल्या. "लगीन झाल्यावर सोडशील न्हवं ही नोकरी?"

इथे मी सावध झाले. हाच खरा प्रश्न, बाकीची सगळी मखलाशी. कंत्राटी बाई लग्न करून निघून जाणार असेल तर सरकार तिचं कंत्राट कशाला वाढवेल?

"नाही सोडणार," मी ताठ उभी राहून म्हणाले. "मावशी, तुम्ही हवं तर लिहून घ्या. हात चालतात तोवर ही नोकरी मी सोडणार नाही."

बाईंचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. मला वाटलं, जिल्ह्याच्या लोकांना आनंद लपवायचं शिकवत असतील.

साखर तपासायला मी त्यांच्या बोटाला टोचायला घेतलं, तेवढ्यात एक जण त्यांची पानाची चंची घेऊन दारात आला. "आत्या, ही गाडीवरच राहिली," म्हणत त्याने एक पाऊल आत टाकलं. मामांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. आत आला होता. मी बोट दाबलं, रक्ताचा थेंब वर आला, आणि हा बाप्या कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या बादलीवर आडवा झाला.

मी आणि मामांनी उचलून त्याला शेजारच्या खाटेवर घातलं. पाय वर केले, तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडल्यावर नियमाप्रमाणे तक्ता घेऊन बसले.

"नाव?"

"हणमंत."

"वय?"

"बत्तीस."

पलीकडच्या खाटेवरून हौसाबाई खोकल्या. "एकोनतीस लिवा."

मी त्यांच्याकडे बघून समजूतदारपणे हसले. खोटी नोंद करते का, हेही बघत होत्या तर. मी ठळक अक्षरात बत्तीस लिहिलं.

जरा सावरल्यावर त्याला उंचीच्या पट्टीशी उभं केलं. चपलांच्या टाचा दोन बोटं जाड होत्या, त्या काढायला लावल्या. तरी तो चवड्यांवर चढत होता, म्हणून मामांनी खांदे धरून त्याला खाली बसवलं. पाच फूट पाच इंच. त्या आकड्यावरून अजूनही वाद निघतो, पण तक्त्यात पाच पाचच आहे. वजन बासष्ट. व्यसन विचारलं तर त्याने आत्याकडे बघितलं आणि मग खिशातून तंबाखूची पुडी काढून माझ्या हातात दिली. दिवसातून चारदा, म्हणाला. दारू एकदाच घेतली होती, ती दुसऱ्याच्या वरातीत, आणि तीही पोटात राहिली नाही. घराण्यात आजोबांना दमा, वडिलांना साखर.

"आत्यांना काही?"

"आत्याला लोकांच्या घरात डोकवायचा आहे," तो म्हणाला. बिचारा अजून पुरता शुद्धीवर नव्हता.

मी त्याला साखरेचं पाणी दिलं आणि अर्धा तास पडून राहायला सांगितलं. तो छताकडे बघत पडला होता. थोड्या वेळाने म्हणाला, "तुम्ही सगळ्यांना हे असंच विचारता?"

"दारातून आत येईल त्या सगळ्यांना."

"आणि लोक खरं सांगतात?"

"आडवा झाला की सांगतो माणूस."

तो हसला. मला तो बरा वाटला, हे कबूल करते. पण जिल्ह्याचं माणूस, आपल्याला काय त्याचं, असं म्हणून मी उठले. मुजावर सरांनी दोन्ही पट्ट्या बघून हौसाबाईंना सांगितलं की तुमचं हृदय विशीतल्या पोरीचं आहे, शंभर वर्षं जगाल. हे ऐकून बाईंना फार राग आला. एवढं अंग उघडं टाकलं, बोट फोडून घेतलं, आणि वर काही झालेलंच नाही म्हणजे काय? त्या फणकाऱ्याने निघून गेल्या. मी संध्याकाळी घरी जाऊन आईला सांगितलं की देवापुढे साखर ठेव, माझं कंत्राट वाढलंच म्हणून समज.

रविवारी दुपारी मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेरच्या खोलीत आले, आणि समोरच्या खुर्चीवर हौसाबाई बसलेल्या.

शेजारी तो. त्याने माझ्याकडे बघितलं आणि लगेच स्वतःच्या चपलांकडे बघितलं. त्या दारात काढलेल्या होत्या.

आमच्या भागात एक जुनी चाल आहे. मुलगी रीतसर बघायला जायच्या आधी मुलाकडची एखादी जाणती बाई गुपचूप जाऊन तिला बघून येते. पाणवठ्यावर, देवळात, बाजारात. मुलगी कशी चालते, कशी बोलते, कुणाशी भांडते. हौसाबाईंनी म्हणे अशा नऊ सोयरिकी पारखल्या होत्या. पण मी ना पाणवठ्यावर जात होते ना देवळात. मी दिवसभर अपघात विभागात. तिथे शिरायचं तर काहीतरी दुखायलाच हवं होतं.

म्हणजे मी सगळं पुराण सांगितलं होतं ते हिला. पुरणासकट. आणि नोकरी नाही सोडणार, हेही.

अण्णांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी चष्मा लावला आणि मुलाची माहिती लिहिलेला कागद मोठ्याने वाचायला घेतला. "चिरंजीव हणमंत डुबल. डेअरीत सुपरवायझर. वय वर्षे एकोणतीस."

"बत्तीस," मी म्हणाले.

शपथेवर सांगते, मी ठरवून बोलले नाही. महिनाभर रकाने भरून भरून तोंडाला वळण लागलं होतं, ते आपोआप निघून गेलं. अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, खाकरले आणि पुढे वाचलं. "उंची पाच फूट नऊ इंच."

"पाच पाच. अनवाणी."

"निर्व्यसनी."

"तंबाखू. दिवसातून चारदा."

हौसाबाई लालबुंद झाल्या, पण त्यांना बोलता येईना. हिला हे कसं ठाऊक असं विचारावं, तर गुरुवारी आपल्या छातीत का दुखलं तेही सांगावं लागणार. त्यांनी नुसता पदर सावरला.

अण्णा कागद खाली ठेवून हणमंतकडे बघत राहिले. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण अण्णांनी अडतीस वर्षं टेप गळ्यात घालून काढली होती. "पावनं, जरा उभं ऱ्हाता का?" ते म्हणाले. हणमंत उभा राहिला. अण्णांनी त्याला वरपासून खालपर्यंत एकदाच बघितलं.

"पाच पाचच," ते म्हणाले. "पाच नऊला पँटला अजून अडीच इंच कापड लागतं."

मुलीचा बाप असून अण्णा असं बोलले, याचं मला आजही नवल वाटतं. अकरा वेळा ते हात जोडून बसले होते. कापडाचा विषय निघाला आणि त्यांच्यातला टेलर आधी उठला.

हणमंतला हसू फुटलं. त्याने अण्णांकडून कागद घेतला, खिशातलं पेन काढलं, तिन्ही ठिकाणी काट मारून खरं लिहिलं आणि कागद परत दिला. मात्र हौसाबाईंनी आता कंबर कसली. पोरगी कामाची आहे, त्या म्हणाल्या, हातबी हलका आहे, पन नोकरी सोडाया लागंल, त्याबिगर आमचं पाऊल फुडं पडायचं न्हाई.

आता अण्णा "सोडंल की" म्हणणार, म्हणून मी श्वास रोखला. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मावशी," मी म्हणाले, "ते मी तुम्हाला गुरुवारीच सांगितलंय."

त्या ताडकन उठल्या आणि पोह्यांना हातही न लावता निघाल्या. हणमंत चपला घालताना एकदा मागे वळला. त्या रात्री मला झोप लागली नाही. खोटी पेशंट म्हणून जिची सरबराई केली ती खोटीच होती, पण भलतीच. म्हणजे खरा तपासनीस येऊन गेला असेल, आणि मी त्याला कुठे काय बोलले असेन, कुणास ठाऊक. कंत्राट गेलं तर आता बारावाही नव्हता. तेरावा येईल त्याला मान खाली घालून हो म्हणायचं, एवढंच उरलं होतं.

सोमवारी दहाला यादी लागली. माझं नाव तिसरं होतं. मी ते बोट ठेवून चार वेळा वाचलं आणि मग औषधांच्या खोलीत जाऊन मनसोक्त रडून घेतलं. मुजावर सर समोर आले तेव्हा मी विचारलं, सर, तो तपासनीस कधी येऊन गेला? ते गंभीरपणे म्हणाले, ते सांगता येणार नाही. गेल्या वर्षी निवृत्तीच्या समारंभात, पेढा खाता खाता, त्यांनी सांगितलं की असा कुणी कधी येणारच नव्हता. जिल्ह्याकडे खरे पेशंट बघायला माणसं नव्हती, खोटे कुठून पाठवणार?

पण त्या सोमवारी अकरा वाजता दगडूमामा आत आले. "सिस्टर, एक जन आत आलाय."

दारात हणमंत उभा होता. आज चपला साध्या, सपाट.

मी तक्ता ओढला. दुसरं काय करणार होते? "काय होतंय?"

"काही नाही."

"मग?"

"इथनं कुणाला तपासल्याबिगर परत पाठवत नाहीत म्हणे."

मामा दारातच थांबले होते, त्यांना मी चहा बघायला पाठवलं. हणमंत न सांगता पट्टीशी जाऊन उभा राहिला. पाच पाच. वय विचारलं, बत्तीस म्हणाला. तंबाखू? "तीनदा. शुक्रवारपासून." मी त्याचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघू लागले.

"मी डेअरीत सुपरवायझर नाही," तो म्हणाला. "दुधाचं फॅट मोजतो. दुधात पाणी घातलेलं रोज चार-दोन जणांचं तरी पकडतो. माझ्याच कागदात पाणी घातलं होतं, आणि मी गप्प बसलो होतो. ते तुम्ही पकडलं."

"बोलू नका, आकडा चुकतोय."

पण मलाच राहवेना. "आणि नोकरीचं?" मी विचारलं.

"मी बारा महिने पहाटे चारला डेअरीत असतो. मला कोण कधी सोड म्हणालं नाही. तुम्ही कशाला सोडायची?"

अकरा मुलांमध्ये हे वाक्य एकानेही म्हटलं नव्हतं. मी मनगट सोडलं नाही. मिनिट केव्हाच होऊन गेलं होतं.

"एकशे बारा," मी म्हणाले. "घाबरलाय तुम्ही."

"हो."

"आणि आत्या?"

"आत्या बाहेर लिंबाखाली बसलीय. रात्री म्हणाली, तोंडावर खरं बोलणारी अशी पोरगी नऊ सोयरिकीत बघितली नव्हती; सकाळी तीच म्हणाली, जा, विचार. पण आत यायला तयार नाही. म्हणते, परत बोटाला टोचतील."

मी खिडकीतून बघितलं. हौसाबाई पारावर बसून दगडूमामांना काहीतरी विचारत होत्या. बहुधा माझ्याबद्दलच. मामा अक्षराला अक्षर उत्तरं देत होते.

मी खुर्चीत बसून तक्ता पुरा केला. ताप नाही. रक्तदाब थोडा वाढलेला. तक्रार, काही नाही. दहा रकाने भरले आणि पेन शेवटच्या रकान्यावर थांबलं. हणमंत माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता, आणि त्याला मी बघू दिलं.

शेऱ्यात मी लिहिलं: पुन्हा येण्यास सांगितले.